तळघरातील डिह्युमिडिफायर

डिह्युमिडिफायर हे बंदिस्त जागेतील हवेमधून पाण्याची वाफ काढून घेऊन तिची सापेक्ष आर्द्रता कमी करणारे विद्युत उपकरण आहे. मराठीत त्यास आर्द्रताशोषक यंत्र असेही म्हणता येते. तथापि बाजारात व बोलण्यात मूळ नावच रूढ आहे. या यंत्राचा सर्वांत मोठा घरगुती उपयोग घराच्या तळघरातील ओल आटोक्यात ठेवण्यासाठी होतो. अमेरिकेच्या ईशान्य व मध्य-पश्चिम भागांतील राज्यांत तसेच कॅनडाच्या बऱ्याच भागांत हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. गोठणाऱ्या थराच्या खाली पाया न्यावा लागत असल्याने तेथे स्वतंत्र घरांना तळघर असणे सर्वसामान्य आहे. न्यू जर्सी, इलिनॉय, मिशिगन, ऑन्टारियो आदी ठिकाणी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाही घर घेतल्यावर या यंत्राशी परिचय होतो.

स्वस्त यंत्र निवडताना केवळ विक्रीची किंमत पाहणे पुरेसे ठरत नाही. यंत्राची घोषित क्षमता कोणत्या तापमानाला मोजलेली आहे, एका युनिट विजेत ते किती पाणी काढते आणि मुळात तळघरात पाणी कोठून येते, या तीन बाबींवर खरा खर्च अवलंबून असतो. त्यांतील तिसरी बाब सर्वाधिक महत्त्वाची असून तिच्याकडेच सहसा दुर्लक्ष होते.

तळघर ओलसर का होते

हवेत सामावू शकणाऱ्या वाफेचे प्रमाण तापमानानुसार बदलते. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना हे प्रमाण सुमारे १७ ग्रॅम व १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम असते. उष्ण हवा थंड होत गेली, की आतील वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता वाढत जाते आणि एका ठरावीक तापमानाला ती १०० टक्के होते. या तापमानास दवबिंदू म्हणतात. त्याहून थंड असलेल्या पृष्ठभागावर पाण्याचे थेंब जमतात.

तळघराच्या भिंती व फरशी जमिनीला लागून असल्याने ऐन उन्हाळ्यातही १६ ते १८ अंशांच्या आसपास राहू शकतात. बाहेरची हवा २८ अंशांची व ६५ टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २१ अंश असतो. अशी हवा तळघरात शिरली, की थंड पाण्याने भरलेल्या तांब्याच्या बाहेरून जसा घाम सुटतो, तसाच तो भिंतीला व पाण्याच्या नळांना सुटतो. कुबट वास घालवण्यासाठी उन्हाळ्यात तळघराच्या खिडक्या उघडण्याची सवय म्हणूनच उलटी फळते. हिवाळ्यात मात्र बाहेरची हवा अतिशय कोरडी असते व ती आत येऊन तापल्यावर आर्द्रता आपोआप खाली जाते. तळघरात यंत्राची गरज साधारणपणे मे ते ऑक्टोबर या काळातच भासते, याचे कारण हेच.

हवेतील वाफेखेरीज आणखी दोन मार्गांनी पाणी येते. पहिला मार्ग द्रवरूप पाण्याचा होय. छपरावरून पडणारे पावसाचे पाणी पन्हळीतून थेट पायाशी ओतले जाते, अथवा घराभोवतीची जमीन घराकडे उतरती असते. मग ते पाणी भिंतीच्या भेगांतून व भिंत-फरशीच्या सांध्यातून आत झिरपते. दुसरा मार्ग काँक्रीटचाच. काँक्रीट सच्छिद्र असते आणि दिव्याची वात जशी तेल ओढते, तसे ते जमिनीतील ओल वर ओढून घेते. नव्या बांधकामातील काँक्रीट सुकतानाही पुष्कळ पाणी बाहेर टाकते. कपडे वाळवण्याच्या यंत्राची गरम वाफ घराबाहेर न सोडता तळघरातच सोडली जात असेल, तर तीही यात भर घालते.

एका साध्या गणिताने या स्रोतांचे महत्त्व स्पष्ट होते. ८० चौरस मीटर क्षेत्रफळाच्या व २.४ मीटर उंचीच्या तळघरात सुमारे १९२ घनमीटर हवा असते. तापमान १८ अंश असताना तिची आर्द्रता ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणण्यासाठी एक लिटरहूनही थोडे कमी पाणी काढावे लागते. प्रत्यक्षात मात्र अशा तळघरातील यंत्राची टाकी दिवसाला दोनदा भरते आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरतच राहते. याचा अर्थ असा, की यंत्र तळघरातील हवा नव्हे, तर सतत आत येणारे पाणी उपसत असते. वर दिलेल्या हवामानात बाहेरच्या प्रत्येक घनमीटर हवेबरोबर सुमारे १० ग्रॅम अतिरिक्त वाफ आत येते. दर तासाला तळघरातील तीन दशांश हवा बदलत असेल, तर दिवसाकाठी जवळजवळ १४ लिटर पाणी केवळ हवेवाटे येते. खिडक्या व फटी बंद करून हे प्रमाण एक दशांशावर आणल्यास ते पाच लिटरच्या आत येते.

ओलीचा स्रोत ओळखणे

यंत्र विकत घेण्यापूर्वी ओल आतल्या हवेतून धरते की भिंतीपलीकडून येते, हे पाहणे आवश्यक असते. यासाठी प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा हातभर तुकडा भिंतीच्या कोरड्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवून एक-दोन दिवस तसाच ठेवतात. खोलीच्या बाजूला थेंब जमल्यास ओल हवेतील वाफेची आहे. पत्रा काढल्यावर मागील भिंत ओली दिसल्यास पाणी जमिनीतून येत आहे. दोन्ही बाजू ओल्या निघणे हेही असामान्य नाही. भिंतीला लोणा लागणे, म्हणजे पांढरट क्षारांचा भुसभुशीत थर येणे, हे पाणी भिंतीतून आरपार येत असल्याचे खात्रीचे लक्षण मानले जाते, कारण क्षार वाफेबरोबर येत नाहीत. ते विरघळून पाण्याबरोबरच येतात.

पाणी झिरपत असल्यास यंत्रापूर्वी करावयाची कामे बहुतांशी स्वस्त असतात. पन्हळी साफ करणे, पन्हळीच्या उभ्या नळाला जोडनळी लावून पाणी पायापासून दोन-तीन मीटर दूर सोडणे आणि घरालगत माती भरून बाहेरच्या दिशेने उतार देणे ही त्यांतील प्रमुख होत. अमेरिकेतील निवासी बांधकामाच्या आदर्श संहितेत घरापासूनच्या पहिल्या १० फुटांत जमीन किमान ६ इंच उतरती असावी, असा नियम आहे. एवढ्याने भागले नाही, तर पायाभोवती निचऱ्याची नळी घालणे व फरशीखालील खड्ड्यातून पाणी उपसणारा पंप बसवणे असे खर्चिक उपाय उरतात. आत साचलेले पाणी काढण्यासाठी डिह्युमिडिफायर उपयोगी पडत नाही. त्याचे काम वाफेपुरते मर्यादित आहे.

आर्द्रता मोजण्यासाठी लहानसा आर्द्रतामापक पुरेसा असतो. तो दहा-पंधरा डॉलरांत मिळतो व ओलीविरुद्धची पहिली खरेदी तीच असावी, असे अनेक जाणकार सुचवतात. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी चुकू शकतो. परंतु त्याची परीक्षा घरी करता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने चिखलासारखे भिजवावयाचे आणि मापकासह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवावयाचे. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील हवेची आर्द्रता सामान्य तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक जितका फरक दाखवील तितकी त्याची चूक समजावी. यंत्रांत बसवलेले मापकही बऱ्याचदा काही टक्क्यांनी चुकतात. शिवाय ते यंत्राजवळचीच हवा मोजतात, म्हणून हा स्वतंत्र मापक तळघराच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवणे सोयीचे ठरते.

आरोग्य व साहित्यावरील परिणाम

ओलसर घर व श्वसनाचे विकार यांचा संबंध अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत मांडला आहे. दम्याचा त्रास वाढणे, खोकला व घशात घरघर ही त्यांत नोंदलेली प्रमुख लक्षणे होत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या सल्ल्यानुसार घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्यतो ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावी, आणि भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत सुकवाव्यात, म्हणजे बुरशी धरत नाही. धुळीतील सूक्ष्म किडे, ज्यांची ॲलर्जी अनेकांना असते, ते आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिल्यास फारसे तग धरत नाहीत.

तळघरात कोणी राहत नाही, म्हणून तेथील हवेची काळजी नको, हा समज चुकीचा आहे. घरातील उबदार हवा वर जाऊन वरच्या मजल्यांच्या फटींतून बाहेर पडते व तिची जागा घेण्यासाठी तळघरातील हवा वर ओढली जाते. त्यामुळे खालच्या बुरशीचे बीजाणू वरच्या शयनगृहापर्यंत पोहोचतात. पुस्तके, कागदपत्रे, छायाचित्रे व चामड्याच्या वस्तू यांचे नुकसान तर उघडच असते. तळघरात सरावासाठी ठेवलेल्या तबल्याची व ढोलकीची पुडी दमट हवेत सैल पडते, हा वादकांचा नेहमीचा अनुभव आहे.

तळघराच्या हवेशी निगडित एक प्रश्न मात्र या यंत्राने सुटत नाही. जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू काढण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते. आर्द्रता कमी झाली म्हणजे रेडॉनही कमी झाला, असे समजू नये.

कार्यपद्धती आणि प्रकार

हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातील पाणी गाळण्याची कल्पना वातानुकूलनाच्या जन्माशी जोडलेली आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट अँड विल्हेल्म्स या छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत-आक्रसत असे आणि एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यासाठी आखलेल्या यंत्रणेचा मुख्य हेतू माणसांना गारवा देणे हा नसून आर्द्रता काबूत ठेवणे हा होता.

आजच्या घरगुती यंत्रांपैकी बहुतेक कॉम्प्रेसरवर चालतात. पंखा खोलीतील हवा ओढून घेतो, ती थंड नळ्यांवरून जाते, दवबिंदूखाली गेल्याने तिच्यातील पाणी नळ्यांवर जमून खालच्या टाकीत ठिबकते आणि नंतर तीच हवा गरम नळ्यांवरून जाऊन खोलीत परत येते. वातानुकूलन यंत्र आपली उष्णता घराबाहेर टाकते; डिह्युमिडिफायर ती खोलीतच टाकतो. त्यात वाफेचे पाणी होताना मुक्त होणाऱ्या उष्णतेची भर पडते. ही उष्णता प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी असते. त्यामुळे यंत्र चालू असताना तळघर एक-दोन अंशांनी तापते. थंड तळघराच्या बाबतीत हा दोष नसून काहीसा फायदाच आहे, कारण भिंती उबदार झाल्या की त्यांवर पाणी कमी जमते.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात सिलिका जेल किंवा झिओलाइट या शोषक पदार्थाचे सावकाश फिरणारे चाक असते. चाकाचा एक भाग हवेतील वाफ शोषतो, तर दुसरा भाग विजेच्या उष्णतेने सुकवला जातो. अशी यंत्रे हलकी असतात व ५ ते १० अंशांच्या थंडीतही उत्तम चालतात. पण प्रत्येक लिटरमागे त्यांना कॉम्प्रेसरच्या यंत्रापेक्षा अधिक वीज लागते. जपान व ब्रिटन येथे ती प्रचलित आहेत. उत्तर अमेरिकेच्या बाजारात ती कमी आढळतात.

तिसरा प्रकार अतिशय स्वस्त असतो आणि नेमका तोच ग्राहकाची निराशा करतो. टाचेएवढ्या अर्धवाहक तबकडीला वीज दिल्यावर तिची एक बाजू थंड व दुसरी गरम होते, या पेल्तिए परिणामावर चालणारी लहान यंत्रे वीस ते साठ डॉलरांत मिळतात. त्यांचा आवाज जवळजवळ येत नाही. परंतु ती दिवसाला पाव ते पाऊण लिटर पाणी काढतात, तेही उष्ण व दमट हवेत, आणि एका युनिट विजेत अर्धा लिटर पाणीही क्वचितच काढतात. कपाट किंवा मोटारगाडीसारख्या बंद जागेसाठी ती ठीक आहेत. दिवसाला आठ-दहा लिटर पाणी येणाऱ्या तळघरात अशी चार यंत्रे ठेवूनही फरक पडत नाही. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यांविषयीही हेच म्हणता येईल.

क्षमतेचा आकडा

अमेरिकेत यंत्राची क्षमता ते दिवसाला किती पाइंट पाणी काढते यावरून सांगितली जाते. एक अमेरिकी पाइंट म्हणजे सुमारे ०.४७ लिटर. वीस पाइंटांचे यंत्र दिवसाला साडेनऊ लिटर, पस्तीस पाइंटांचे साडेसोळा लिटर आणि पन्नास पाइंटांचे सुमारे पावणेचोवीस लिटर पाणी काढते, असे घोषित केलेले असते. हा आकडा चाचणीच्या परिस्थितीवर पूर्णपणे अवलंबून असतो. पूर्वी चाचणी ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सियस तापमान व ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत होत असे. तळघर इतके उष्ण नसते. जून २०१९ पासून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या नियमांनुसार फिरत्या यंत्रांची चाचणी ६५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सियसला होऊ लागली. परिणामी पूर्वी ७० पाइंटांचे म्हणून विकले जाणारे यंत्र ५० पाइंटांचे, ५० पाइंटांचे सुमारे ३५ पाइंटांचे आणि ३० पाइंटांचे २० ते २२ पाइंटांचे ठरले. यंत्रे तीच राहिली, केवळ आकडे प्रामाणिक झाले.

या बदलामुळे खरेदीत दोन प्रकारची फसगत संभवते. जुने ७० पाइंटांचे यंत्र नव्या ५० पाइंटांच्या यंत्रापेक्षा मोठे आहे, असे वाटून जुन्या मालाला जास्त किंमत दिली जाते. त्याचप्रमाणे काही विक्रेते, विशेषतः परदेशातून थेट माल पाठवणारे, आजही ३० अंश सेल्सियस व ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला आकडा ठळकपणे छापतात. अशा ५० पाइंटांच्या यंत्राचे १८ अंशांच्या तळघरातील काम वीस-पंचवीस पाइंटांइतकेच भरू शकते. छापील आकड्याखाली चाचणीचे तापमान दिलेले नसेल, तर त्या आकड्यावर विसंबणे इष्ट नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चाचणी ६० टक्के आर्द्रतेला होते, तर घरमालकाला ५० टक्के हवी असते. आर्द्रता जसजशी घटते तसतसे त्याच यंत्रातून कमी पाणी निघते. वसंत ऋतूत तळघर १३-१४ अंशांवर असताना ते आणखी घटते, कारण थंड नळ्यांवर बर्फ धरू लागतो. अशा वेळी आपोआप थांबून बर्फ वितळवण्याची सोय असलेले व ५ अंशांपर्यंत चालण्याची हमी असलेले यंत्र आवश्यक ठरते. अगदी स्वस्त नमुन्यांत ही सोय नसल्यास नळ्यांवर बर्फाचा थर चढतो आणि यंत्र वीज खात राहून पाणी मात्र काढत नाही.

वर गणिलेल्या ८० चौरस मीटरच्या तळघरात खिडक्या बंद ठेवूनही हवा, फरशी व भिंती मिळून दिवसाला आठ-दहा लिटर पाणी येते असे धरले, तर वीस पाइंटांचे यंत्र कागदोपत्री पुरते. प्रत्यक्षात ते अहोरात्र चालूनही मागे पडते. तेथे ३० ते ३५ पाइंटांचे यंत्र योग्य ठरते. याहून मोठ्या किंवा स्पष्टपणे ओल्या दिसणाऱ्या तळघरासाठी ५० पाइंटांचे घ्यावे लागते. मध्यम व मोठ्या यंत्रांच्या किमतींतील तफावत बऱ्याचदा थोडी असते. वातानुकूलन यंत्र गरजेपेक्षा मोठे घेणे जसे तोट्याचे असते, तसे याचे नाही; मोठे यंत्र आर्द्रता गाठून लवकर बंद पडते, एवढेच.

विजेचा खर्च

एका युनिट विजेत यंत्र किती लिटर पाणी काढते, या गुणोत्तरास एकात्मिक ऊर्जा गुणांक म्हणतात. बंद अवस्थेत खर्च होणारी वीजही त्यात धरलेली असते. २०१९ पासूनच्या अमेरिकी नियमानुसार २५ पाइंटांपर्यंतच्या फिरत्या यंत्रांसाठी तो किमान १.३० व २५ ते ५० पाइंटांच्या यंत्रांसाठी किमान १.६० असावा लागतो. एनर्जी स्टार हे चिन्ह मिळवण्यासाठी २०१९ मध्ये ठरलेल्या मर्यादा अनुक्रमे १.५७ व १.८० अशा आहेत. ५० पाइंटांच्या वरील यंत्रांसाठी त्या बऱ्याच वरच्या आहेत.

दिवसाला १० लिटर पाणी १५० दिवस काढावयाचे आणि वीज प्रति युनिट १५ सेंट दराने मिळते असे मानले, तर १.८० गुणांकाच्या यंत्राला हंगामात सुमारे १२५ डॉलरांची व १.६० गुणांकाच्या यंत्राला सुमारे १४० डॉलरांची वीज लागते. म्हणजे कार्यक्षम यंत्रामुळे वर्षाला पंधरा-सोळा डॉलर वाचतात. ही बचत लहान नाही, कारण अशी यंत्रे दीडशे ते तीनशे डॉलरांत मिळतात व काही वर्षे टिकतात. विजेचे बिल दोन-तीन हंगामांतच यंत्राच्या किमतीला मागे टाकते. न्यू इंग्लंडमधील राज्यांत विजेचा दर याहून बराच अधिक असल्याने तेथे हा काळ आणखी कमी होतो. परंतु पन्हळीचे पाणी दूर सोडून व खिडक्या बंद ठेवून काढावयाचे पाणी निम्म्यावर आणले, तर त्याच हंगामात साठ डॉलरांहून अधिक वाचतात. त्यासाठी लागणारी जोडनळी व फटी बुजवण्याचे साहित्य यंत्राच्या किमतीच्या काही अंशातच येते.

यंत्रावरील नियंत्रक किती टक्क्यांवर ठेवला आहे, यावरही बिल ठरते. ५० टक्के हे प्रमाण बहुतेक तळघरांना पुरेसे असते. ते ४० टक्क्यांवर नेल्यास काँक्रीटमधून व बाहेरून ओल ओढून घेण्याचा वेग वाढतो आणि यंत्र थांबतच नाही.

निचरा व देखभाल

स्वस्त यंत्रांच्या टाकीत साधारणतः पाच-सहा लिटर पाणी मावते. टाकी भरली की यंत्र थांबते, आणि घरातील माणसे गावाला गेली की पहिल्याच दिवशी ते बंद पडून राहते. तळघराच्या फरशीत निचऱ्याचे तोंड असल्यास साध्या बागेच्या नळीने पाणी आपोआप उताराने तेथे सोडता येते. यंत्र विटांवर किंवा मजबूत चौरंगावर ठेवल्यास उतार मिळतो. पाणी वर खिडकीपर्यंत किंवा मोरीच्या भांड्यापर्यंत चढवावयाचे असेल तरच अंगभूत पंप असलेल्या यंत्रासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे. हा पंपच यंत्राचा आधी बिघडणारा भाग असतो, अशी तक्रार वारंवार आढळते. साचलेले पाणी स्वच्छ दिसले तरी त्यात नळ्यांवरील धातूंचे अंश व जीवाणू असू शकतात, त्यामुळे ते पिण्यास अयोग्य असते.

हवेची जाळी दोन-तीन आठवड्यांनी धुणे, यंत्र भिंतीपासून वीतभर दूर ठेवणे आणि आडवे करून आणलेले यंत्र सुरू करण्यापूर्वी काही तास उभे ठेवणे, जेणेकरून कॉम्प्रेसरमधील तेल जागेवर येईल, एवढी देखभाल पुरते. यंत्र जमिनीशी जोडलेल्या तीन खाचांच्या जोडणीतच लावतात; जोडवायर वापरू नये, असे उत्पादक बजावतात.

जुनी यंत्रे आणि आगीचा धोका

पैसे वाचवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणून वापरलेले यंत्र घेतले जाते. या बाबतीत विशेष सावधगिरीची गरज आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सप्टेंबर २०१३ मध्ये ग्री या चिनी कंपनीने बनवलेली सुमारे २२ लाख यंत्रे परत मागवल्याचे जाहीर केले. ती अतितप्त होऊन पेट घेत असल्याचे आढळले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिडिया कंपनीची सुमारे ३४ लाख आणि ऑगस्ट २०२१ मध्ये न्यू वाइडटेक या उत्पादकाची सुमारे २० लाख यंत्रे याच कारणास्तव परत मागवली गेली. ग्रीच्या प्रकरणात दोषाची माहिती असूनही ती वेळेवर न कळवल्याबद्दल कंपनीने २०२१ मध्ये ९ कोटी १० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्याखाली एखाद्या कंपनीवर झालेली ती पहिली फौजदारी कारवाई होती.

या यंत्रांवर उत्पादकाचे नाव सहसा नसते. एकाच कारखान्यातील माल अनेक परिचित नाममुद्रांखाली विकला गेल्याने नामांकित कंपनीचे नाव पाहून यंत्र सुरक्षित आहे, असे ठरवता येत नाही. यंत्राच्या पाठीवरील पट्टीवर छापलेला नमुना क्रमांक व निर्मितीची तारीख आयोगाच्या यादीशी ताडून पाहणे हाच मार्ग उरतो. परत मागवलेली यंत्रे पुन्हा विकणे अमेरिकेत बेकायदेशीर आहे; तरीही घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानात ती अद्याप आढळतात. तळघरात अहोरात्र, कोणाची नजर नसताना चालणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत ही तपासणी किमतीच्या आधी येते.

महाराष्ट्रातील उपयोग

महाराष्ट्रात राहत्या घरांना तळघर क्वचितच असते. जुन्या वाड्यांत धान्य व मौल्यवान वस्तूंसाठी ती असत. आज शहरांतील इमारतींची तळघरे बहुधा वाहनतळ म्हणून वापरली जातात. डिह्युमिडिफायरचा उपयोग येथे मुख्यतः मुंबई, कोकण व गोवा या पट्ट्यांत पावसाळ्यापुरता होतो: न वाळणारे कपडे, बुरशी धरणारी कपाटे, कॅमेऱ्यांची भिंगे, ग्रंथसंग्रह व औषधांची गोदामे यांसाठी.

येथील परिस्थिती अमेरिकी तळघराच्या अगदी उलट आहे. जुलै महिन्यातील कोकणची हवा २५ ते ३० अंशांची व ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेची असते, म्हणजे भारतात विकल्या जाणाऱ्या यंत्रांची क्षमता ज्या ३० अंश व ८० टक्के या परिस्थितीत मोजलेली असते, तिच्या बरीच जवळ. बॉस्टनच्या तळघरात फुगवलेला ठरणारा आकडा रत्नागिरीत म्हणूनच खूपसा खरा उतरतो. कॉम्प्रेसरचे यंत्र येथे उत्तम चालते, नळ्यांवर बर्फ धरण्याची भीती नसते आणि शोषक चाकाच्या महागड्या यंत्राची गरज पडत नाही. अडचण निराळी असते. कौलारू छप्पर, जाळीच्या खिडक्या व दाराखालच्या फटी असलेल्या घरात बाहेरची हवा इतकी मोकळेपणाने फिरते, की यंत्र सबंध परिसराचे पाणी उपसत बसते. त्यामुळे एखादी खोली पूर्ण बंद करून तिच्यापुरतेच यंत्र चालवले जाते. यंत्र आपली उष्णता खोलीतच टाकत असल्याने आधीच उकडणारी खोली अधिक तापते. माणसांच्या वावराच्या खोलीत वातानुकूलन यंत्राची कोरड्या हवेची पद्धत बरी पडते, तर पुस्तकांच्या व कपड्यांच्या बंद खोलीत डिह्युमिडिफायर. लहान कपाटांत कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवण्याची पद्धत मुंबईत रूढ आहे. डब्यातील क्षाराचे पाणी झाले की तो फेकून नवा ठेवावा लागतो, आणि ते पाणी सांडल्यास चामडे व धातू खराब होतात.